दुसरा गंज चढवू नका

आपल्याकडे विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे माझी टपालपेटीही उशिरा बदलते. मे महिनाभर कुरड्या का तुटल्या आणि पापड लाल का झाले हेच चालू असतं. जूनच्या शेवटी घंटा वाजली की शाळेतल्या खिचडीची पत्रं सुरू होतात. या खेपेला सहा पत्रं अशी निघाली की सगळ्यांची गाठ एकाच ठिकाणी: शाळेत दूध किंवा अंडं न चालणाऱ्या पोराला काय द्यायचं? पहिल्या पत्राला मी जास्त जागा दिली आहे. बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न : बाई, नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नऊ वर्षांपासून खिचडी शिजवतो. पट 58 आहे. मांगं गावातल्या एका जणानं पोराच्या वाढदिवसाले दूध पावडरचे पुडे देल्ले, म्हून दोन शनिवार तांदळाची खीर केली. दोन्ही खेपी चवथीतल्या दोन पोट्ट्यायचं पोट दुखलं, एकाले तर वर्गातूनच पळा लागलं. आता खीर असली का गुरुजी त्या दोघायले म्हणते, तुमी नुसती खिचडी खा. थे दोघं खांबापाशी बसते न बाकीच्यायच्या वाटीकडे पाह्यत राह्यते. मले थे पाहावत नाई. बिनदुधाचं काई गोड सांगा, पन माह्या एकटीच्यानं होईन असं सांगा. दुसरा गंज चढवाले ना गॅस आहे ना माणूस.
— एक स्वयंपाकीण, ता. दिग्रस

उत्तर : ताई, पत्र जसं आलं तसंच छापायला दिलं आहे. संपादकांना ते 'शुद्ध' करायचं होतं, मी करू दिलं नाही.

आधी त्या दोघांचं. ते नाटक करत नाहीत. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज हे पाचकद्रव्य लागतं. अंगावर पिणाऱ्या लेकराकडे ते भरपूर असतं, पुढे वय वाढतं तसं पुष्कळांचं कमी होत जातं. आपल्या देशात अशी माणसं ढिगाने आहेत. बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो, कारण घरी दूध चहापुरतं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ती आंबवतात, गॅस धरतो, पाणी सुटतं आणि पोरगं दप्तर टाकून पळतं. त्यात तुमची खीर पावडरीची. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत वजनाने निम्मी ही साखरच असते, आणि खीर दाट व्हावी म्हणून आपला हात दोन मुठी सैल सुटतो. चहातल्या दुधाने ज्याला काही होत नाही, त्याला या वाटीने होतं. ताक अशा पोरांना बरेचदा चालतं, कारण विरजण लागताना यातली थोडी साखर खर्ची पडते. तरीही दुखणं थांबलं नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवायला त्यांच्या आईला सांगा. पोटदुखीला जंतांपासून पुष्कळ कारणं असतात.

गुरुजींचा हेतू वाईट नाही. पण मी सहावीत असताना मला कावीळ झाली होती आणि महिनाभर माझं ताट वेगळं होतं. जर्मलचं, कडेला पोचा असलेलं. बरी झाल्यावरही ते ताट फडताळात दिसलं की मी दुसरीकडे पाहायची. तेव्हा त्या दोघांसाठी वेगळं काही करू नका. 58 जणांची खीरच बिनदुधाची करा.

60 पोरांचा अंदाज धरा. दीड किलो तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा आणि बारा लिटर पाण्यात पार मऊ होऊ द्या. 600 ग्रॅम तीळ, पॉलिशचे नव्हे, सालीसकट, मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. गार झाले की घरच्या मिक्सरवर थोडे थोडे, थांबत थांबत बारीक करा. चक्कीवर नेऊ नका, तेल सुटून दगड बसतो आणि चक्कीवाला आठवडाभर तुमच्या नावाने ओरडतो. दीड किलो गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्या, कारण गुळात काय काय निघतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तिळाचा कूट पाण्यात कालवून भातात घाला, गूळ घाला, चिमूटभर मीठ आणि थोडी सुंठ. दोन उकळ्या आल्या की झालं. गुळाने दूध फाटतं म्हणून खिरीत आपण गूळ घालायला भितो. इथे फाटायला दूधच नाही.

हे छापण्याआधी मी ताईंना फोनवर सांगितलं होतं. पहिल्या खेपेला त्यांचे तीळ करपले, खीर कडसर झाली, आणि रंग पाहून पोरांनी तिचं नाव 'चिखल' ठेवलं. दुसऱ्या खेपेला आच मंद ठेवली. नाव चिखलच राहिलं, पण गंज खरवडून खाल्ला म्हणाल्या. खांबापाशी बसणाऱ्यांपैकी एकाने तीनदा वाटी पुढे केली.

आता गुरुजी विचारतील, दुधातलं कॅल्शियम कुठून येणार? या खिरीत एका वाटीला दहा ग्रॅम तीळ येतात. त्यातलं कॅल्शियम कागदावर शंभर मिलिलीटर गाईच्या दुधाच्या जवळ जातं, सुमारे 120 मिलिग्रॅम. कागदावर अशासाठी की सालीसकट तिळातलं सगळंच अंगी लागत नाही, आणि न चावलेला तीळ तर जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणून कूट बारीक हवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या कोष्टकात सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला 650 मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलं आहे, म्हणजे एका वाटीने काम भागत नाही. शाळेमागे शेवगा असेल तर त्याचा पाला वरणात ओरबाडून घाला, मूठमूठभर, भीतभीत नको. परसबागेत राजगिऱ्याची भाजी लावा, पावसाळ्यात ती अंगावर येते इतकी वाढते. कढीपत्ता फोडणीत अख्खा टाकला की पोरं काढून ताटाच्या कडेला लावतात. तो वाळवून चटणीत कुटा. जवसाची चटणी तर आपल्या घराघरात आहे. नाचणीचं सत्त्व चांगलंच, पण नाचणी आपल्या रानात पिकत नाही. तिळाची दोन तासं तुमच्याही शेतात असतील.

आणखी एक. आपली खिचडी मुळात बिनदुधाचीच आहे. 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयाने शाळेत शिजवलेलं अन्न द्या म्हणून सांगितलं. त्याआधी 1995 पासून आपल्याकडे महिन्याचे तांदूळ घरी नेत होते, पिशवी घेऊन रांगेत उभी असलेली पोरं मला आठवतात. आज पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल धरलं आहे आणि त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. तांदळातून सातेक ग्रॅम, डाळीतून साडेचार-पाच, झाले बारा. या हिशोबात दुधाचा थेंब नाही. तुमच्या 58 पोरांना रोज 1 किलो 160 ग्रॅम डाळ लागते. ती तराजूवर मोजून टाका, वाटीच्या अंदाजाने नको. मला तुमच्यावर संशय नाही. पण डाळ पातळ झाली की पहिलं बोट स्वयंपाकिणीकडे जातं, आणि तराजूचा आकडा वहीत असला की ते बोट योग्य दारावर जातं.

आणि त्या दूध पावडरवाल्या दात्याला भेटा. जून 2024 मध्ये शाळांसाठी पंधरा पाककृती ठरल्या, त्यात तांदळाची खीर आणि नाचणी सत्त्व होतं. जानेवारी 2025 पासून ते ऐच्छिक झालं, लोकसहभागातून करा म्हणून. म्हणजे खिरीत काय पडेल हे आता गावाच्या हातात आहे. पुढच्या वाढदिवसाला तीळ आणि गूळ द्या म्हणावं. तिळाच्या पोत्याबरोबरही फोटो चांगला येतो.

प्रश्न : मुलगी यंदा पहिलीत गेली. तिला दुधाची अॅलर्जी आहे, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. शाळेत एकाने सांगितलं, थोडं थोडं देत गेलं की सवय होते. द्यावं का?
— एक वडील, ता. दर्यापूर

उत्तर : देऊ नका. वरच्या ताईंच्या पोरांना आणि तुमच्या मुलीला जे होतं त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे साखर पचत नाही. इथे दुधातल्या प्रथिनांवर शरीर उलटून पडतं, आणि त्याला चमचाभरही पुरतो. तिला ताक नको, दही नको, दुधाची पावडर असलेलं बिस्कीट नको, तूपही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. खिरीची पळी खिचडीत बुडवून तिला वाढली तरी त्रास होऊ शकतो. 'थोडं थोडं देऊन सवय' हा प्रकार आहे, पण तो तज्ज्ञ डॉक्टर दवाखान्यात, समोर बसून करतात. शाळेच्या ओसरीवर नाही.

डॉक्टरांचं लेखी घ्या, मुख्याध्यापकांना द्या, पोचपावती घ्या. मग स्वयंपाकघरात जाऊन स्वयंपाकिणीला तोंडी सांगा, कारण कागद कपाटात राहतो आणि पळी तिच्या हातात असते. श्वास लागला, घसा दाटला, पोर निस्तेज पडलं तर वाट न पाहता 108 ला फोन. आणि हो, तीळ आणि फल्लीदाण्यांचीही (शेंगदाण्यांची) अॅलर्जी असते. वरची खीर तिला देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : आमच्या गावात घरोघरी सोयाबीन आहे. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव आला की पोरांना सोयाबीनचं दूध द्यावं. दाणे गावच देईल. कसं करावं?
— समितीचा एक अध्यक्ष, जि. वाशीम

उत्तर : भाऊ, या दुधाने माझी एकदा भर शाळेत फजिती केली आहे. वीसेक वर्षांपूर्वी कॉलेजच्या मुलींना घेऊन मी एका गावात प्रात्यक्षिक करायला गेले. रात्री दाणे भिजवले, सकाळी गार पाण्यात वाटले, गाळले, उकळले. पोरांनी एकेक घोट घेतला आणि शहाण्यासारखी रांगेने बाहेर गेली. नंतर पाहते तर मागच्या बाभळीच्या बुंध्याशी पांढरं तळं. सोयाबीन गार पाण्यात वाटला की त्यातलं एक द्रव्य कामाला लागतं आणि कच्च्या शेंगेचा वास सुटतो. मग कितीही वेलची घाला, तो जात नाही.

करायचंच असेल तर असं करा. दाणे आठ तास भिजवा, ते पाणी फेका, दाणे खळखळत्या पाण्यात टाकून दहा मिनिटं उकळा, सालं चोळून काढा, गरम पाण्यातच वाटा, कपड्याने गाळा आणि पुन्हा पंधरा-वीस मिनिटं उकळा. ते दुधापेक्षा जोरात उतू जातं, गंज निम्माच भरा. किलोभर दाण्याचं सात-आठ लिटर होतं. दुसरी उकळी टाळू नका. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो चांगल्या उकळीनेच मरतो. चोथा टाकू नका, भाकरीच्या पिठात जातो.

हे सगळं सांगून मी तुम्हाला 'करू नका' म्हणणार आहे. एक तर यात कॅल्शियम गाईच्या दुधाच्या मानाने फारच कमी. पाकिटातल्यात वरून घालतात, घरच्यात कोण घालणार? (पाकिटावर त्याला 'दूध' म्हणायची परवानगीही नाही, मी आपली सवयीने म्हणते.) दुसरं, शाळेत फ्रीज नाही आणि वाशीमचं एप्रिलचं ऊन तुम्हाला मी सांगायला नको. दोन तासांत ते नासतं. तिसरं, एवढा खटाटोप करणारी स्वयंपाकीण एकटी असते आणि ठराव करणारे अकरा.

त्यापेक्षा तेच दाणे दुसऱ्या वाटेने पोटात घाला. भिजवून, वेगळे मऊ शिजवून, तुरीच्या वरणात चाराला एक या मापाने घोटा, कळतही नाही. सोयाबीन पुलाव शाळेच्या यादीत आहेच, त्यातल्या दुकानच्या सोयावड्यांत शंभर ग्रॅमला पन्नासच्या वर प्रथिनं असतात. महिन्यातून एकदा गोळाभात करा. हरभऱ्याच्या डाळीचा भरडसर चून, तिखट-मीठ, सांभार (कोथिंबीर), तेलाचं मोहन, गोळे वळून भातावरच वाफवायचे, वरून हिंग-मोहरीची फोडणी. गोळे वळायला त्या दिवशी समितीने यावं. अकरा जणांना शंभर गोळे म्हणजे काय मोठं काम.

एक गोष्ट मात्र ठरावातच लिहा: पेरणीचं उरलेलं बियाणं शाळेत येणार नाही. त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, लाल-गुलाबी रंग असतो, आणि धुतल्याने ते खाण्याजोगं होत नाही. 'चांगलं आहे, वाया कायले घालवाचं' म्हणणारा एक जण प्रत्येक गावात असतो.

प्रश्न : माझी मावसबहीण न्यूयॉर्कला असते. तिच्या मुलाच्या शाळेत शुक्रवारी मांस, चीज काहीच नसतं म्हणे. आपल्याकडे असं कधी होणार?
— कॉलेजकन्यका, आर्वी

उत्तर : तुझ्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सोमवारी जा, मंगळवारी जा, गुरुवारी जा. सगळीकडे तोच शुक्रवार.

गंमत सोडू. न्यूयॉर्क शहराच्या शाळांत फेब्रुवारी 2022 पासून शुक्रवारचं जेवण वनस्पतींचंच असतं, आणि फ्रान्समध्ये कायद्यानेच नोव्हेंबर 2019 पासून शाळेत आठवड्यातून एक जेवण बिनमांसाचं करावं लागतं. त्यांचा प्रश्न ताटात मांस-चीज फार झाल्याचा. अमेरिकेत शाळेच्या जेवणाबरोबर दूध ठेवणं नियमानेच बंधनकारक आहे, त्यामुळे दूध न चालणाऱ्या पोरासाठी तिथे पालकांना कागदपत्रं फिरवावी लागतात. आपला प्रश्न उलटा आहे. ताट वनस्पतींचंच, पण रोज तेच पिवळं. तिकडून काही आणायचंच तर भाज्यांचे प्रकार आण.

प्रश्न : लाखोळीची डाळ स्वस्त आहे, प्रथिनंही जास्त. शाळेत तुरीऐवजी चालेल का?
— एक पालक, जि. भंडारा

उत्तर : नाही. घरात कोण काय खातं त्यात मी पडत नाही, धानाच्या बांधीतली लाखोळी मीही खाल्ली आहे. पण तिच्यात मज्जातंतूंना मारणारं विष असतं आणि महिनोन्‌महिने तीच मुख्य डाळ झाली तर पाय जातात. वाढत्या पोरांच्या रोजच्या गंजात ती नको.

प्रश्न : आम्ही माळकरी. नातू अंडं खात नाही. अंड्याच्या दिवशी त्याला केळं देतात. तेवढ्याने भागतं का? आणि शाळेत अंडं हवंच कशाला?
— एक आजोबा, ता. मूर्तिजापूर

उत्तर : आजोबा, रामकृष्णहरी. दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते, तुम्हाला आवडणार नाही. अंडं असू द्या. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्याला केळं असं ठरवलं. जानेवारी 2025 मध्ये अंड्याचा वेगळा पैसा बंद झाला. ज्या शाळेत लोकवर्गणीतून ते चालू आहे, तिथे ते कुणातरी लेकराचं आठवड्यातलं एकमेव अंडं असतं. तुमच्या नातवाची माळ त्याने बाटत नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : भागत नाही. अंड्यात सहाएक ग्रॅम प्रथिनं, केळ्यात जेमतेम एक. केळ्याबरोबर मूठभर भाजलेले फल्लीदाणे आणि गुळाचा खडा द्या, तीस ग्रॅम दाण्यांत सात ग्रॅम प्रथिनं येतात. हे तुम्ही शाळेत बोललात तर केळं खाणाऱ्या सगळ्याच पोरांना मिळेल, नुसतं नातवाच्या खिशात घालू नका.

राहिलं बी-12. ते डाळ, दाणे, भाजी कशातच नाही. दूध-दही घेत असेल तर थोडं मिळतं. दूधही नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी किंवा औषध द्यावंच लागतं. त्याच्याबरोबर तुमचंही रक्त तपासून घ्या. माझी आई माळकरी होती आणि दुधाचा तिला कंटाळा. पायाला मुंग्या येतात म्हणायची. दोन वर्षं आम्ही तिला चपला बदलून देत होतो.